दादीची हजेरी

गेल्या हिवाळ्यात औसा तालुक्यातल्या एका गावी मी दादीच्या मातीला गेलो होतो. दफन झालं, पुरुष माणसं लिंबाखाली टेकली, पाण्याचे ग्लास फिरले. माझ्या शेजारी बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "बाई लाखात एक होती. पण नातीचं नुकसान करून गेली. डॉक्टर झाली असती पोरगी." आजूबाजूच्या दोघांतिघांनी माना हलवल्या.

ती वाद घालायची जागा नव्हती. मी पाणी प्यालो आणि लातूरला परत आलो. पण मी उभं आयुष्य पतसंस्थेत हिशेब तपासण्यात घालवलेला माणूस आहे. एखादी रक्कम चुकीच्या खात्यात टाकलेली दिसली की मला स्वस्थ बसवत नाही. ह्या बाईच्या नावावर लोक जे नुकसान टाकत आहेत ते तिच्या खात्यातलं नाही. जे झालं ते माझ्या घरात, माझ्या अंगणात, माझ्या डोळ्यांदेखत झालं. म्हणून लिहितो.

माझं घर लातुरात, क्लासच्या वस्तीपासून चालत दहा मिनिटांवर. मेडिकलच्या क्लासची लाट आली तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्यांनीच खोल्या काढल्या. एकानं गोठा पाडून काढल्या, एकानं जिन्याखाली कॉट टाकून तिलाच खोली म्हटलं. मीही वर दोन मजले चढवले. फाटकावर नियमांची पाटी लावली. त्यात पहिलाच नियम होता: एका विद्यार्थ्यासोबत एकच पालक राहील. कारण आमच्याकडे मुलाबरोबर त्याची आई येते. दोन वर्षं खोलीत राहून डबा करते, कपडे धुते, पुन्हा डबा करते. गावाकडे तिच्या नवऱ्याच्या भाकरी कोण थापतं, हा प्रश्न लातुरात कोणी विचारत नाही.

दादीनं तळमजल्याची खोली बघितली तेव्हा सांगितलं, मी आणि नात राहू. मुलीची आई गावी दोन लहान लेकरांत अडकलेली होती, तेव्हा आजी येणार यात वावगं काही नव्हतं. पण राहायला आली त्या दिवशी टेम्पोतून दोन बाजा उतरल्या, एक शिलाई मशीन उतरलं, आणि शेवटी दोन हमालांनी चाकाची खुर्ची उचलून खाली ठेवली. खुर्चीत पांढऱ्या दाढीचा, इस्त्रीचा सदरा घातलेला एक माणूस होता.

"हे कोण?" मी विचारलं.

"माझे मालक."

"तुम्ही तर म्हणाला होता, मुलगी आणि तुम्ही."

"हाव. मी आन् पोरगी. हे माझ्यातच आले."

"अहो, नियम आहे. एक पालक."

"मग एकच धरा की भाऊ. ह्यांना चालता येत न्हाई आन् मला बसता येत न्हाई. दोघांचं मिळून एकच माणूस होतंय."

माझी बायको दारात उभी होती. ती हसली. घरमालकाची बायको भाडेकरूसमोर हसली की नियम संपला. खुर्चीतल्या गृहस्थांनी मात्र मला हात उंचावून सलाम केला आणि हळूच म्हणाले, "माफ करा. मी नको म्हणत होतो. ती ऐकत नाही." पुढच्या दोन वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यात लांब बोलणं.

ते शिंपी होते. गावात त्यांना मास्तर म्हणत, आम्हीही तेच म्हणायला लागलो. भूकंपात घर अंगावर आलं, त्यात कमरेखालचं सगळं गेलं. पायमशीन चालवणाऱ्या शिंप्याचे पायच गेले तर दुकान मिटलं, असं कोणीही म्हणेल. दादीनं मशीनचा खालचा, पायानं चालवायचा सांगाडा विकला आणि वरच्या चाकाला लाकडी मूठ बसवून घेतली. पण हातमशीनवर एक हात चाकाला द्यावा लागतो आणि चांगल्या शिलाईला दोन्ही हात कापडावर हवेत. तेव्हापासून चाक दादी फिरवायची. मास्तरांचे दोन्ही हात कापडाला, हिचा उजवा हात मुठीला. मास्तर करंगळी उचलत, ती थांबे. मान हलवत, ती पुन्हा सुरू. फिरवता फिरवता ती आमच्याशी बोलत असे, भाजीवाल्याशी भांडत असे, पण करंगळी उचललेली तिला चुकली असं मी कधी बघितलं नाही. ह्या पद्धतीनं त्यांनी मुलाला वाढवलं, त्याचं लग्न केलं, आणि लातुरात आल्यावर गल्लीभरातल्या पोरांच्या दप्तरांचे तुटलेले बंद शिवले. क्लासची दप्तरं दिसायला झकपक असतात, पण पुस्तकांच्या ओझ्यानं महिन्याभरात बंद उसवतात. मास्तर त्यावर असा बंद शिवून देत की दप्तर फाटेल, बंद तुटणार नाही.

शुक्रवारी ती मास्तरांची खुर्ची स्वतः ढकलत मशिदीच्या फाटकापर्यंत न्यायची आणि नमाज होईपर्यंत बाहेर भिंतीला पाठ लावून उभी राहायची. बायकांनी तिथं थांबू नये असं एकदा कोणीतरी सुचवलं. म्हणालं, "चाची, पोरं नेतील त्यांना. तुम्ही कशाला?"

"निकाह माझ्याशी लागलाय," दादी म्हणाली, "पोरांशी न्हाई लागला."

परत कोणी सुचवलं नाही.

तिचा आणि माझा खरा झगडा झोपण्यावरून झाला. तिनं दोन्ही बाजा अंगणात टाकल्या. माझ्या स्कूटरची जागा गेली. भूकंपानंतर सगळं लातूर रस्त्यावर झोपत होतं, मीही झोपलो आहे. तेव्हा मी कॉलेजात होतो. वडिलांनी खाटा चौकात नेल्या होत्या आणि आम्ही कित्येक महिने घरात फक्त जेवायला जात होतो. पण पुढे सगळे आत गेले. दादी गेली नाही. सरकारनं बांधून दिलेल्या नव्या घरात तिनं ज्वारी आणि शेळ्या ठेवल्या, आणि आपण बाहेर पत्र्याखाली राहिली. मी तिला समजावलं. माझ्या घराला किती गजांचं लोखंड आहे, कॉलम किती खोल गेले आहेत, सगळं सांगितलं.

"लई चांगलं हाय घर," ती म्हणाली. "तुम्ही झोपा आत."

"आणि पाऊस आला तर?"

त्याचा बंदोबस्त तिनं चार दिवसांत केला. निकाल लागला की आमच्याकडे चौकाचौकात गुणवंतांचे फ्लेक्स लागतात. वर्ष सरलं की ते उतरवून क्लासच्या मागे टाकतात. तिथून तिनं तीन मोठे फ्लेक्स मागून आणले आणि बाजांवर ताणून बांधले. छापलेली बाजू खाली. पाठीवर पडलं की वर मागच्या सालचे पहिले नंबर हसताना दिसत. वरच्या मजल्यावरची पोरं चेष्टा करू लागली, "दादी, तुम्ही तर टॉपरच्या छताखाली झोपता!"

"हे पडले तर लागत न्हाईत," दादी म्हणाली.

स्कूटर मी बाहेर लावायला लागलो.

आता तिची हजेरी. हा शब्द पोरांनीच ठेवला. दिवसातून दोनदा, सकाळची बॅच सुटल्यावर आणि संध्याकाळी जेवणाआधी, ती वर जायची आणि प्रत्येक खोलीच्या दारावर बोटाच्या पेरानं ठोकायची. "हाय का रं?" आतून उत्तर यायला हवं. "हाय, दादी." उत्तर पुटपुटल्यासारखं आलं की ती हलत नसे. "नीट बोल. माणसागत बोल." मग आतून ओरडून "हाय!" आलं की पुढच्या दारी. मुलींच्या दारी थोडा जास्त वेळ. आमच्या घरात एकवीस मुलं होती, त्यातली वीस तिची कोणी लागत नव्हती.

भोकरच्या एका मुलानं माझ्याकडे तक्रार केली. "काका, एकाग्रता भंगते." तक्रार रास्त होती. पाटीवर शांततेचा नियम होताच. मी दादीला सांगितलं.

"भंगू द्या," ती म्हणाली. "पुन्हा लागती ती. कुठं जाती?"

पुढे त्याच मुलानं एका संध्याकाळी उत्तर दिलं नाही. दादीनं दार हलवून हलवून उघडवलं. तो तापानं फणफणला होता, दोन दिवस अंगावर काढत होता, शेजारच्या खोलीलाही पत्ता नव्हता. दवाखान्यात सलाइन लागलं. बरा होऊन आल्यावर दादीची पावलं जिन्यात वाजली की ठोकण्याआधीच तो आतून ओरडायचा.

हजेरीचं कारण तिनं मला कधी सांगितलं नाही. माझ्या बायकोला सांगितलं, तेही तूर निवडता निवडता, कोणीतरी बाजारभाव सांगावा तसं. त्या पहाटे ती शेळी ओरडली म्हणून उठून बाहेर आली होती. बाहेर असतानाच घर बसलं. दगडमातीच्या भिंती, वर मातीचं धाबं. आत मास्तर, मुलगा आणि मुलगी. मुलगी थोरली.

"अंधारात काय दिसतंय? आवाज आला तिकडं उकरलं," ती म्हणाली. "पोरगं वरडून राहिलं व्हतं, त्याला आदी काढलं. मग ह्यांचा आवाज आला. ह्यांना काढलं. पोरीचा आवाजच न्हाई. मला वाटलं, ती शेजारी गेली आसंल झोपायला. जायची कधी कधी. दिवस वर आल्यावर मानसं आली, त्यांनी काढली. तवर ती जित्ती व्हती म्हनले, जरा येळ आदीपर्यंत. पर गप व्हती. लई लाजाळू व्हती ती."

एवढं सांगून दादीनं सूप पाखडलं. बायकोनं रात्री जेवायला वाढताना मला हे सांगितलं. शांततेच्या नियमाबद्दल मी परत बोललो नाही.

क्लासच्या पालक सभेला मीच तिला स्कूटरवरून नेलं. हजारभर पालक होते. मंचावरचे सर चांगले वक्ते होते. ते म्हणाले, "पालकांनो, ही दोन वर्षं मुलांशी फक्त आणि फक्त अभ्यासाचं बोला. लग्न, सण, शेत, भांडण, बाकी कुठलाही विषय नको."

दादी उभी राहिली. माईक फिरवणारी मुलगी धावत आली. दादीनं माईक बाजूला केला. तिला त्याची गरज नव्हती.

"सर, भूक लागली का, हे इचारायचं का न्हाई?"

हशा झाला. सरही हसले. "ते जरूर विचारा, आजी."

"आन् रडून राहिली तर कामून रडती, हे?"

हशा थांबला. सर म्हणाले, "त्यासाठी आमच्याकडे स्वतंत्र समुपदेशक आहेत."

"त्ये घरी येत्यात का?"

"आजी, तुम्ही बसा."

"बसते. मला बसाय सांगायला सोपं हाय," म्हणत ती बसली. येताना स्कूटरवर मागून म्हणाली, "त्या मानसाला लेकरं न्हाईत बहुतेक." त्यांना दोन आहेत, मी सांगितलं. ती फाटकाशी उतरली. मग म्हणाली, "बिचारी."

नात सुरुवातीला बडबडी होती. अंगणात बाजेवर बसून आजोबांना दिवसभराचं सांगायची, कोणते सर कसे बोलतात त्याच्या नकला करायची. मशीन थांबवून मास्तर ऐकायचे. पण क्लासमध्ये दर परीक्षेनंतर तुकड्या बदलतात. वरच्या तुकडीतून खाली, तिथून आणखी खाली. घरी फोनवर संदेश येतो, तो तिच्या वडिलांना जायचा, दादीला वाचता येत नव्हतं. ह्या मुलीची तुकडी दुसऱ्या वर्षी दोनदा खाली आली. वडील फोनवर काय बोलत ते मला माहीत नाही. मुलगी फोन कानाला लावून उभी असायची आणि नुसती हं हं म्हणायची, एवढं मी बघितलेलं आहे. हळूहळू नकला थांबल्या. बोलणं थांबलं. हजेरीला मात्र ती इतरांसारखं उत्तर द्यायची.

"भाऊ," दादी एकदा मला म्हणाली, "ही हाय म्हनती. पर मला काई खरं वाटंना."

परीक्षा झाली, निकाल लागला. मुलीचं झालं नाही, जवळपासही नव्हतं. तिनं दादीला एका वाक्यात सांगितलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. वडिलांना सांगायचं धैर्य तिला होत नव्हतं. दादी म्हणाली, मी सांगते, उद्या सांगते.

आणि दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला.

मी कामावर जाताना बघितला. पहिल्याच रांगेत ह्या मुलीचा फोटो होता. तोच, प्रवेशाच्या वेळी काढलेला, दोन वेण्यांचा, ओढणी नीट घेतलेला. खाली तिचं नाव, आडनाव आणि मार्क असे की लातुरातही मान वळवून बघावं. मला एका मिनिटात उलगडा झाला. त्या क्लासमध्ये हजारो मुलं. ह्याच नावाची, ह्याच आडनावाची दुसरी मुलगी होती; मार्क तिचे होते आणि ऑफिसातल्या कोणीतरी फोटो आमच्या मुलीचा काढून दिला होता. मी तिथूनच परत फिरलो आणि दादीला सांगितलं.

पण माझ्याआधी फोटो गावी पोहोचला होता. कोणीतरी मोबाइलवर पाठवला. दुपारी बारा वाजता फाटकाशी जीप थांबली. त्यातून मुलीचे वडील उतरले, मागून चार गावकरी, एकाच्या हातात झेंडूचा हार. वडील सरळ खोलीत गेले, मुलीला हाताला धरून अंगणात आणलं आणि सगळ्यांसमोर हार घातला. ते रडत होते. मी त्या माणसाला एरवी कधी रडताना बघितलं नाही, म्हणून सांगतो, तो मनाचा वाईट नाही. मुलगी हार घालून उभी होती आणि तिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता.

दादीनं चाक सोडलं. उठून आली, हार काढला, घडी घालून मास्तरांच्या मांडीवर ठेवला.

"तुझी पोरगी पास न्हाई झाली," ती मुलाला म्हणाली. "फोटो चुकलाय त्यांचा."

गावकरी एकमेकांकडे बघत जीपकडे सरकले. वडील बाजेवर बसले. त्याच वेळी क्लासचे एक सर मोटारसायकलवरून आले. चूक त्यांच्याही ध्यानात आली होती आणि ते घाईघाईनं मिटवायला आले होते. घरात ही मंडळी आपसात दखनी बोलत. पण सर समोर होते म्हणून पुढचं सगळं मराठीत झालं आणि मला शब्दन् शब्द ऐकू आला.

सर म्हणाले, "ऑफिसची चूक आहे. फ्लेक्स आम्ही आज उतरवतो. तुम्ही कुठं वाच्यता करू नका. मुलीला पुढचं वर्ष रिपीटर बॅचमध्ये आमच्याकडून मोफत. वरच्या तुकडीत बसवतो."

वडिलांनी मान वर केली. "खरंच वरच्या तुकडीत?"

"शब्द देतो."

"मग घेतो. उद्यापासून बसंल ती."

"त्या दुसऱ्या पोरीचं काय?" दादीनं सरांना विचारलं.

"कुठल्या?"

"जिचे मार्क हायत तिचं. तिच्या आईबापानं काय घोडं मारलं तुमचं? नुसतं उतरवू नगा. तिचा फोटो लावा तिथं."

"लावू, आजी."

"आन् हिला कुठं बसवायचं ते हिला इचारा."

सर हसले. "आजी, ह्या वयात मुलांना काय कळतं? आणि एका वर्षाचाच तर प्रश्न आहे."

दादीनं त्यांच्याकडे पाठ केली आणि नातीसमोर उभी राहिली. "बोल. बसायचंय का?"

मुलगी गप्प.

"अम्मा, तिला काय विचारतेस? बसंल ती," वडील म्हणाले.

"तू गप. तुला न्हाई इचारलं." आणि पुन्हा नातीला, "बोल."

वरच्या दोन्ही गॅलऱ्यांत पोरं येऊन उभी होती.  दादी तशीच उभी. मी त्या अंगणात बरेच वाद बघितले आहेत, पाण्याचे, विजेचे. एवढा वेळ कोणी गप्प राहिलेलं बघितलं नाही. वडील दोनदा उठले, दादीनं न बघता हातानं त्यांना बसवलं. शेवटी मुलगी म्हणाली,

"मला परत नाही बसायचं."

"ऐकू आलं न्हाई."

"मला परत बसायचं नाही!" ह्या वेळी वरच्या मजल्यापर्यंत गेलं. "मला वकिली शिकायची आहे. नांदेडला. मावशीआजीच्या घराजवळ कॉलेज आहे. मी बघून ठेवलंय."

"वकिली?" वडील उसळले. "दोन वर्षं मातीत? वकील गल्लोगल्ली पडलेत! अम्मा, तू शिकवलंस हे तिला?"

"भांडायला येतं तिला. ते माझ्याकडनं आलं आसंल. वकिली तिची तिनं काढली."

वडिलांचा आवाज चढला. "मला तू हातानं उकरून काढलंस. नखं राहिली नव्हती तुझी, लोक अजून सांगतात. माझ्यासाठी एवढं केलंस, अब्बांसाठी जन्म घातलास. आणि माझ्या पोरीचं आयुष्य बुडवायला उभी राहिलीस?"

दादीचा आवाज साधा होता.

"तुला काढलं, कारन तू वरडत व्हतास. तुझी बहीन गप व्हती, म्हनून ती ऱ्हायली. ही दोन म्हैने गप हाय. मी अजून किती वाट बघू? लोकं येऊन काढतील तवर?"

 सरांनी मोटारसायकल लोटत फाटकाबाहेर नेली आणि तिथं जाऊन सुरू केली. मास्तरांनी मांडीवरचा हार उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "नांदेडला मशीन चालतंय." एवढंच.

वडिलांनी एक पैसा देणार नाही म्हणून सांगितलं आणि वर्षभर दिला नाही. आठवड्याभरात टेम्पो आला. दोन बाजा, मशीन, खुर्ची, मास्तर, नात. फ्लेक्सची छतं दादीनं भोकरच्या मुलाला देऊन टाकली. जाताना वर जाऊन तिनं शेवटची हजेरी घेतली. पोरांनी एवढ्या जोरात उत्तरं दिली की शेजारचे बाहेर आले.

चौकातला फ्लेक्स दोन दिवसांत बदलला. दुसऱ्या मुलीचा फोटो लागला. मी मुद्दाम जाऊन बघून आलो.

लिंबाखाली बसलेल्यांना एवढं सगळं माहीत नव्हतं असं नाही. बरंच माहीत होतं. त्यांचं म्हणणं एवढंच की अजून एक वर्ष बसवली असती तर झाली असती. झालीही असती कदाचित. न झालेल्या वर्षाचा हिशेब मांडता येत नाही, आणि जे मांडता येत नाही ते कोणाच्या नावावर टाकू नये, एवढं मला कळतं. मी नांदेडला काय बघितलं ते मात्र मांडता येतं.

पतसंस्थेच्या कामानं मी नांदेडला गेलो होतो. मुलगी वकिलीच्या पहिल्या वर्षाला होती. पत्ता विचारत गेलो. तळमजल्याची खोली, बाहेर बाजा, मास्तर कापडावर वाकलेले, दादीचा हात चाकावर. मला बघून ती उठली, आत गेली आणि कागदात बांधलेली जिलबी घेऊन आली.

"घ्या भाऊ. ऊन हाय अजून."

"कशाची जिलबी?" मी विचारलं. "निकाल लागला का?"

"लागला."

"पास झाली तर!"

"न्हाई वं. एका इषयात गेली नापास."

मी जिलबी हातात धरून बसलो. "मग ही कशाबद्दल?"

"कॉलेजातनं फोन केला तिनं," दादी म्हणाली. "निकाल बघितला आन् तिथंच उभी राहून पहिला फोन मला. म्हनली, दादी, एका इषयात उडाले, त्या सरानं पेपर असा काढला, तसा काढला. सगळं सांगितलं. अर्धा तास सांगून राहिली. मधीच त्या सरांची नक्कल केली, ह्यांनाबी ऐकवली. मग म्हनली, मला भूक लागली, काय केलंयस?" तिनं कागद माझ्याकडे सरकवला. "घ्या की. अजून घ्या."